‘मी दिलेलं पुस्तक ती उघडूनसुद्धा बघत नाही’

आई मुलीबद्दल सांगते, नवरा बायकोबद्दल, निवृत्त शिक्षक जुन्या विद्यार्थ्यांबद्दल. तक्रार एकच: इतकं चांगलं पुस्तक दिलं, पण वाचलंच नाही. मी समुपदेशनाचं काम करते, पण तेवढ्यासाठी माझ्याकडे कोणी येत नाही. झोप लागत नाही, घरात बोलणं तुटलंय, म्हणून माणसं येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे पुस्तक निघतं. मी ते कधीच हसण्यावारी नेत नाही. वाचणारा माणूस आवडतं पुस्तक पुढे करतो तेव्हा मनाचा एक आतला कोपरा उघडा करत असतो. ते तसंच परत आलं, की लागतं.

अशाच एका घराची ही हकिकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आठ भेटींतलं मोजकंच इथे घेतलं आहे.

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजूच्या एक बाई. वय 62, मराठी शाळेत उभी हयात शिकवण्यात गेलेली. यजमान गेल्यापासून घरात त्या आणि मुलगी. मुलगी रोज कदंबच्या बसने पणजीला नोकरीला जाते. बाई वाचतात ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रं, गडकोटांवरची पुस्तकं. मुलगी वाचते इंग्रजी फँटसी आणि खुनाच्या रहस्यकथा.

“दोन वर्षांत तिला अकरा पुस्तकं दिली,” बाई म्हणाल्या. अकराही नावं त्यांनी ओळीने सांगितली. “एक उघडलं नाही. माझी मुलगी, आणि वाचते काय, तर ड्रॅगन!”

“देताना काय म्हणालात?”

“हे तू वाचायलाच हवंस, म्हटलं. आणखी काय म्हणणार?”

सुचवणं बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. ‘वाचायलाच हवं’ म्हटलं की पुस्तकाचा गृहपाठ होतो, आणि गृहपाठ टाळण्याची सवय आपल्या सगळ्यांना लहानपणापासून आहे. पुढे आठवड्याने ‘वाचलंस का?’ विचारलं की ती परीक्षा होते. बाईंनी हा प्रश्न दर रविवारी विचारला होता.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “तिने तुम्हाला किती पुस्तकं सुचवली?”

“तिने? मला?” बाई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “एक. मागच्या चवथीला. म्हणाली, आई, हे तुला आवडेल, यात नकाशा आहे. मी म्हटलं, असलं मी वाचत नाही गो.”

मी काही बोलले नाही. समुपदेशनात ऐकून घेण्यावर भर देणारे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या वाटेने काम करणाऱ्यांना ही शांतता ओळखीची असते. माणूस स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा ऐकत असतो, तेव्हा आपण मध्ये बोलायचं नसतं.

“गडांचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी नकाशा उघडते,” त्या सावकाश म्हणाल्या. “तिने ते लक्षात ठेवलं होतं.”

मुलीने सुचवताना समोरच्या वाचकाकडे पाहिलं होतं. आईची अकराही पुस्तकं आईच्याच आवडीची होती. हे मी त्यांना सांगितलं नाही, सांगावं लागलं नाही. त्या दिवशी त्या जिना उतरताना थांबल्या आणि वळून म्हणाल्या, “एकाला तिने हो ऐकलं असतं, तर माझ्या अकरांना कदाचित तिने हो म्हटलं असतं.” इतक्या वर्षांच्या कामात मी जे शिकले ते या एका वाक्यात होतं, आणि ते त्यांचं त्यांना सापडलं याचा मला आजही आनंद आहे.

पाचव्या भेटीला मुलगी आली. येताना तेच पुस्तक घेऊन आली. मुखपृष्ठ उलटल्यावर दोन पानांवर पसरलेला नकाशा: डोंगरांच्या जागी बारीक त्रिकोण, एक वळणावळणाची नदी, तिच्या काठी सात-आठ नावं. बाईंनी चष्मा लावला आणि नदीवरून बोट फिरवत नेलं. एका जागी बोट थांबलं.

“इथे धक्का हवा. नाहीतर वरच्या गडावर धान्य चढणार कसं?”

“तिथेच आहे आई. तिसऱ्या भागात सगळी लढाई त्या धक्क्यासाठीच—”

“पुढचं सांगू नकोस!”

दोघी एकाच पानावर वाकल्या होत्या. माझं त्या दिवशीचं काम एवढंच होतं, की मी गप्प बसले.

सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरायचे चार दरवाजे सांगितले आहेत: गोष्ट, माणसं, जागा आणि भाषा. मी हे सल्ल्यासाठी येणाऱ्या प्रत्येक वाचणाऱ्या घरात वापरते. ‘ऐतिहासिक’, ‘विज्ञानकथा’, ‘रहस्यकथा’ ही कपाटावरची पाटी झाली. ती शोधायला सोयीची, पण आवड कशाची आहे ते तिच्यातून कळत नाही. बाई आणि मुलगी दोघी जागेच्या दरवाजाने आत जाणाऱ्या होत्या, पाट्या तेवढ्या वेगळ्या.

दरवाजा ओळखायचा तर ‘तुला कसली पुस्तकं आवडतात?’ हा प्रश्न सोडा. त्याला उत्तर म्हणून पाटीच मिळते. ‘अलीकडे कुठलं पुस्तक हातातून सुटलं नाही?’ असं विचारा आणि दोन मिनिटं नुसतं ऐका. ‘मग काय झालं माहितेय’ असं सांगू लागला तर गोष्ट. ‘ती अशी का वागली असेल’ इथे अडकला तर माणसं. ‘तिथे जाऊन आल्यासारखं वाटलं’ म्हणाला तर जागा. आणि उठून पुस्तकच आणलं, एक परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला, तर भाषा. भाषेच्या वाचकाला वेगवान रहस्यकथा दिली की तो पन्नास पानांत कंटाळतो, आणि आपण त्याला खडूस ठरवतो.

दुसऱ्या प्रकारात नेताना लहान पुस्तक द्या. 150 ते 200 पानं पुरेत. त्याहून बरी एखादी दहा-पंधरा पानांची कथा, कवितेचा तर संग्रह देऊच नका, तीन कविता दाखवा. फँटसीच्या मालिकेत पहिलाच भाग द्यावा लागतो, कारण त्या जगाचे नियम तिथे मांडलेले असतात. गुप्तहेर कायम ठेवून चालणाऱ्या रहस्यकथांत मात्र बहुधा मधला एखादा चांगला भाग आधी दिला तरी बिघडत नाही. फँटसीत नवखा वाचक अडतो तो अनोळखी नावांपाशी. पहिल्या दोन प्रकरणांतली नावं आणि नाती कागदावर लिहून पानांत ठेवा, बाईंसाठी मुलीने तसाच कागद केला होता. साठीच्या वाचकाला देताना टाइप किती बारीक आहे हेही बघा. ‘आईला आवडलं नाही’ यामागे पुष्कळदा नऊ पॉइंटची अक्षरं असतात.

सांगताना एक मिनिट बोला, पहिल्या पाव भागापलीकडचं काही फोडू नका. आणि उणीव आधीच सांगा: ‘सुरुवातीची चाळीस पानं संथ आहेत’, ‘मध्ये एक मारहाणीचा प्रसंग आहे’. लोक ती लपवतात, वाचक तिथेच पुस्तक मिटतो आणि पुढच्या वेळी आपल्यावर विश्वास ठेवत नाही.

सोडून देण्याची मुभाही देतानाच द्यावी. नॅन्सी पर्ल यांचा हिशेब सोपा आहे: पन्नाशीपर्यंत 50 पानं वाचून ठरवा, पन्नाशीनंतर 100 मधून वय वजा करा. बाईंच्या वाट्याला 38 पानं आली. पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक यासाठी फार उपयोगी, परत करायची तारीख ‘वाचलंस का?’ विचारायचं काम आपल्यासाठी करते. 1832 पासून चालत आलेलं हे ग्रंथालय मुलीच्या ऑफिसच्या वाटेवरच होतं.

मत द्यायचीही तशीच मुभा हवी. आपल्याकडे जत्रेतलं रात्रीचं नाटक संपलं की सकाळी चहाच्या दुकानावर कोणीही बोलतं: अमक्याचा प्रवेश रंगला, तमकीचं पद लांबलं. तुला नाटकातलं काय कळतं, असं कोणी म्हणत नाही. पुस्तक आलं की मात्र आपण ‘दर्जेदार’ आणि ‘टाकाऊ’ असे शिक्के काढतो, आणि टाकाऊ ठरतो तो ते वाचणारा माणूस. म्हणून मत देताना जागा दाखवा: कुठे धरून ठेवलं, कुठे पकड सुटली. ‘मला रुचलं नाही’ आणि ‘लेखकाला जमलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, ती मिसळू नका. भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांत प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक हे दोन आहेत. ज्याचा वाचक आपण नाही अशा पुस्तकाबद्दल बोलताना ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हा नियम आठवावा.

शेवटच्या भेटीला बाई एकट्या आल्या. 38 पानं केव्हाच मागे पडली होती, दुसरा भाग चालू होता. मुलीने अकरांतलं एक स्वतःहून मागून घेतलं आणि पन्नासाव्या पानावर परत केलं.

“वाईट वाटलं?”

“वाटलं. पण विचारलं, कंटाळा कुठे आला. म्हणाली, पान 31. गड छान आहे, पण राजाचं काही चुकतच नाही.” बाई क्षणभर थांबल्या. “मॅडम, तिथे मलाही कंटाळा आला होता. इतक्या वर्षांत मी ते कोणाजवळ बोलले नव्हते.”