अडीच कोटी ग्रह, आणि सगळीकडे माणूसच

प्रश्न : आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिका नुकतीच वाचून संपवली. त्या साम्राज्यात वस्तीचे जवळपास अडीच कोटी ग्रह आहेत, बारा हजार वर्षांचा इतिहास आहे, पण परग्रहवासी औषधालाही नाही. एवढ्या मोठ्या लेखकाकडून ही गोष्ट राहून कशी गेली? नंतरच्या पुस्तकांत तिची कारणं येतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. मग खरं कुठलं मानायचं?

उत्तर : राहून गेलेली नाही. असिमॉव्हने परग्रहवासी जाणूनबुजून बाहेर ठेवले, आणि का ठेवले हे पुढे स्वतःच लिहून ठेवलं. (या उत्तरात शेवटांबद्दल बरंच येणार आहे. ज्यांना ही पुस्तकं अजून वाचायची आहेत त्यांनी इथून थेट शेवटच्या प्रश्नाकडे जावं.)

१९४० साली असिमॉव्ह वीस वर्षांचा होता आणि 'अस्टाउंडिंग' या विज्ञानकथा मासिकाचा संपादक जॉन कॅम्बेल त्याच्या कथा घेऊ लागला होता. त्या वर्षी 'होमो सोल' ही कथा छापून आली. आकाशगंगेतल्या अनेक बुद्धिमान जातींचा एक संघ आहे, पृथ्वीवरची माणसं नुकतीच ताऱ्यांपर्यंत पोचली आहेत, आणि संघातले मानसशास्त्रज्ञ त्यांना पारखत आहेत, अशी ती कथा. कॅम्बेलचा आग्रह ठाम असे : माणूस इतर सगळ्यांपेक्षा सरस ठरला पाहिजे. त्याने कथेत बदल करून घेतले, शिवाय काही मजकूर लेखकाला न विचारताच घातला. हे १९४० साल होतं हे लक्षात घ्या. श्रेष्ठ वंशाच्या नावाखाली युरोपात काय चाललं होतं, ते ज्यू घरात वाढलेल्या असिमॉव्हला कुणी सांगायची गरज नव्हती. एक जात जन्मानेच वरचढ, ही गोष्ट त्याला स्वतःच्या लेखणीतून उतरवायची नव्हती. आणि ज्याने आपल्याला लिहायला शिकवलं असं तो आयुष्यभर म्हणत राहिला, त्या संपादकाला सोडायचंही नव्हतं. परग्रहवासीच नसले, तर त्यांच्यापेक्षा माणूस श्रेष्ठ दाखव असं सांगणार कोण? १ ऑगस्ट १९४१ रोजी तो कॅम्बेलकडे आकाशगंगेवरच्या साम्राज्याच्या ऱ्हासाची कल्पना घेऊन गेला. मे १९४२ मध्ये पहिली 'फाउंडेशन' कथा प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या आकाशगंगेत फक्त माणसं उरली होती.

काही वाचकांना ही मालिकेतली उणीव वाटते. मला ती तिची ताकद वाटते, आणि वय वाढत गेलं तसं हे मत पक्कं होत गेलं. परग्रहवासी नाहीत म्हणून या साम्राज्याला दोष ढकलायला कुणी उरत नाही. ट्रँटॉर ही साम्राज्याची राजधानी कोसळते ती आपल्याच कारभारापायी. कडेच्या प्रांतांत अणुशक्ती वापरायची कशी हे लोक विसरतात, तंत्रज्ञांचे पुरोहित होतात, यंत्रांची पूजा सुरू होते. हे सगळं माणसं माणसांचं करतात. बाहेरून हल्ला करणारा कुणी आणून बसवला असता, तर ही सगळी कहाणी एका युद्धाच्या मागे झाकली गेली असती.

असिमॉव्हला परग्रहवासी रंगवता येत नव्हते असंही कुणी समजू नये. १९७२ च्या 'द गॉड्स देमसेल्व्ह्ज'मध्ये त्याने तीन लिंगांचे, जवळजवळ द्रवरूप जीव असे उभे केले आहेत की त्या भागापुढे पुस्तकातली माणसं फिकी पडतात. तो मजकूर मात्र त्याने या साम्राज्याच्या बाहेर, वेगळ्या विश्वात ठेवला.

आता न जुळणाऱ्या कारणांकडे येते. १९५५ च्या 'द एंड ऑफ इटर्निटी'मध्ये काळाला वळणं देणारी एक संस्था आहे. माणसाचं भलं करायच्या नादात ती अंतराळप्रवासच वारंवार पुसून टाकते. माणूस उशिरा बाहेर पडतो, तेव्हा इतर जातींनी आकाशगंगा आधीच व्यापलेली असते आणि मानवजात मागे फिरून खचत जाते. ती संस्था नाहीशी झाली तरच माणसांचं साम्राज्य शक्य होतं. १९८२ च्या 'फाउंडेशन्स एज'मध्ये हीच हकीगत गाया ग्रहावरचा एक म्हातारा दंतकथा म्हणून सांगतो, पण तिथे काळाची निवड करणारे माणसं नसून यंत्रमानव आहेत. तुम्हाला खटकली ती हीच जागा असणार. मला ती खटकत नाही. वीस हजार वर्षं तोंडोतोंडी आलेली कथा बदललेलीच असणार, आणि असिमॉव्हने ती इतिहास म्हणून न देता दंतकथा म्हणून दिली, यात त्याचा शहाणपणा आहे.

सगळ्यांत चांगलं उत्तर १९८६ च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'च्या शेवटी मिळतं. हॅरी सेल्डनची साम्राज्यानंतरचा अंधारकाळ कमी करण्याची योजना सायकोहिस्टरीवर, म्हणजे प्रचंड लोकसमूहाचं भविष्य वर्तवणाऱ्या गणितावर बेतलेली आहे, आणि ते गणित दोन गृहीतकांवर उभं आहे. एक, लोकसंख्या प्रचंड हवी. दोन, लोकांना निष्कर्ष माहीत नसावेत. पुस्तकाचा नायक ट्रेव्हिझ याला अखेरीस उमगतं की एक तिसरं गृहीतक आहे, आणि ते इतकं उघड आहे की कुणी बोललंच नाही : आकाशगंगेत बुद्धिमान जात एकच, माणूस. बाहेरून दुसरी कुणी आली की सेल्डनची सगळी योजना कोलमडेल. एका तरुण लेखकाने संपादकाशी वाद टाळण्यासाठी जी गोष्ट वगळली, तीच चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी त्याने सेल्डनच्या योजनेतली सर्वांत मोठी फट म्हणून वापरली. मागच्या पुस्तकांतली एक ओळही न बदलता त्या सगळ्यांचा अर्थ बदलतो. सलगतेचं याहून सुंदर काम मी दुसऱ्या कुठल्या मालिकेत पाहिलेलं नाही.

असिमॉव्ह १९९२ मध्ये गेला. त्यानंतर इतर लेखकांनी १९९७ ते १९९९ या काळात मालिकेत तीन पुस्तकं जोडली. त्यांत असा उलगडा येतो की माणूस पोचण्याआधीच यंत्रमानवांनी त्याच्यासाठी ग्रह मोकळे करून ठेवले होते. तर्काला हे धरून आहे, पण मी ते स्वीकारत नाही. जी आकाशगंगा वंशश्रेष्ठत्वाची कथा टाळण्यासाठी रिकामी ठेवली, तिच्या मुळाशी वंशसंहार आणून ठेवणं मला सहन होत नाही.

आणि एक कथा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मार्च १९४५ ची 'ब्लाइंड अ‍ॅली' याच साम्राज्यात घडते आणि तिच्यात परग्रहवासी आहेत. त्यांचा ग्रह मरणाला टेकलेला असतो. साम्राज्य त्यांना चांगल्या ग्रहावर हलवतं, खाऊपिऊ घालतं, अभ्यासतं. पण सगळं आकाश माणसांनी भरलेलं पाहून त्यांची जगण्याची इच्छाच मावळते, मुलं जन्माला येईनाशी होतात. एक सरकारी अधिकारी पत्रं, अहवाल आणि शिफारशी यांच्या जोरावर, एकही नियम न मोडता, अशी व्यवस्था करतो की ते जहाजं घेऊन मॅजेलनच्या मेघांकडे, म्हणजे शेजारच्या छोट्या दीर्घिकांकडे, निघून जातात. कथेचा मोठा भाग कार्यालयीन पत्रव्यवहाराचा आहे आणि त्या कोरड्या कागदांमधून करुणा झिरपत राहते. ही कथा खरी मानली तर आकाशगंगा पुन्हा फक्त माणसांचीच होते, म्हणजे पुढच्या पुस्तकांना धक्का लागत नाही. वर तिसऱ्या गृहीतकाला वेगळीच धार येते, कारण आकाशगंगेबाहेर आता अशी एक जात आहे जिला माणूस चांगलाच ठाऊक आहे. असिमॉव्हने हा धागा जोडलेला नाही. मी वाचताना जोडते.

प्रश्न : 'पेबल इन द स्काय'मध्ये पृथ्वी अणुयुद्धामुळे किरणोत्सारी झाली आहे आणि 'रोबोट्स अँड एम्पायर'मध्ये कारण वेगळंच दिलं आहे. ही सरळ चूक नाही का?

उत्तर : पहिलं पुस्तक १९५० चं, हिरोशिमाला पाच वर्षं झाली असतानाचं. तेव्हा किरणोत्सारी पृथ्वी म्हटलं की अणुयुद्धच डोळ्यांसमोर येई. पण मधल्या काळात असिमॉव्हने यंत्रमानवांच्या कादंबऱ्या साम्राज्याशी जोडायचं ठरवलं, आणि त्यांच्यातल्या पृथ्वीवर आठ अब्ज माणसं पोलादी छतांखाली नांदत होती. म्हणून १९८५ मध्ये त्याने पृथ्वीच्या कवचातली किरणोत्सर्गी द्रव्यं हळूहळू तीव्र करणारं यंत्र आणलं. ते थ्री माइल आयलंडवर बसवलेलं असतं आणि गिस्कार्ड हा यंत्रमानव ते थांबवत नाही, कारण पृथ्वी सोडावी लागली तरच माणूस पसरेल असं त्याला वाटतं. जुन्या पुस्तकातल्या लोकांना खरं कारण माहीत नव्हतं, असं समजून वाचलं की गाठ सुटते. यंत्रमानव साम्राज्यात दिसत का नाहीत याचं उत्तर, म्हणजे हजारो वर्षं पडद्याआड राहिलेला डॅनिल हा यंत्रमानव, मला यापेक्षा जास्त ओढूनताणून आणलेलं वाटतं. तरी तो 'फाउंडेशन अँड अर्थ'च्या शेवटी चंद्रावर भेटतो तेव्हा माझे डोळे भरून येतात, हेही खरं.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलीला ही मालिका द्यायची आहे. घटनाक्रमाने द्यावी की लिहिलेल्या क्रमाने?

उत्तर : लिहिलेल्या क्रमानेच. आधी १९५१, १९५२ आणि १९५३ ची तीन 'फाउंडेशन' पुस्तकं, मग 'द केव्ह्ज ऑफ स्टील' आणि 'द नेकेड सन', आणि त्यानंतर १९८० च्या दशकातली. 'प्रील्यूड टू फाउंडेशन' घटनाक्रमात आधी येतं म्हणून ते पहिलं देऊ नका, त्यात डॅनिलचं रहस्य फुटतं. 'ब्लाइंड अ‍ॅली' हवी असेल तर ती 'द अर्ली असिमॉव्ह' या १९७२ च्या संग्रहात आहे. 'होमो सोल'ही त्याच संग्रहात आहे, आणि कॅम्बेलशी काय घडलं हे असिमॉव्हने तिथेच कथेच्या सोबत सांगितलं आहे.