टोइंग व्हॅन उघडण्याआधी कागद उघडा

प्रश्न: विट्याजवळच्या एका गॅरेजवाल्याकडून मी 1968 सालची टाटा मर्सिडीज-बेंझची जुनी ब्रेकडाऊन व्हॅन घेतली. मागे हाताने फिरवायची विंच (दोर ओढायचा रहाट) आणि जिब (गाडी उचलायचा दांडा) आहे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले, पण आरसी बुक नाही. गाडी ज्यांच्या नावावर होती ते वारले आहेत. इंजिनचा ब्लॉक फुटलाय, दुसऱ्या टाटाचे इंजिन मिळते आहे. घरामागच्या शेडमध्ये काम करणार आहे, पुढच्या आठवड्यात चेसिस (गाडीचा सांगाडा) सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज काढायला, जाईल. एक एजंट साठ हजारांत ‘विंटेज नंबर’ काढून देतो म्हणतो. देऊ का?

उत्तर: नाही. एजंटाला एक रुपयाही देऊ नका आणि सँडब्लास्टिंगही तूर्त थांबवा.

आधी विंटेजचे, म्हणजे जपलेल्या जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीचे, बघू. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81-ए पासूनचे विंटेज नियम आले. पन्नास वर्षे पूर्ण झाली की झाले, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण हे नियम दुचाकी आणि एम-1 वर्गाच्या, म्हणजे माणसे नेणाऱ्या खासगी मोटारींपुरतेच आहेत. ट्रकच्या चेसिसवरची व्हॅन त्यात बसत नाही, मग ती कितीही जुनी आणि देखणी असो. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला चालत नाही, आणि तुम्ही तर इंजिनच बदलणार आहात. मोटारीसाठीसुद्धा या नोंदणीची सरकारी फी वीस हजार आहे. तेव्हा साठ हजारांत तुमच्या हाती बनावट कागद पडण्याचीच शक्यता जास्त.

तुमच्या फायद्याची गोष्ट वेगळीच आहे. 5 नोव्हेंबर 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत वाहनांचे प्रकार ठरवले आहेत. त्यात टो ट्रक, ब्रेकडाऊन व्हॅन आणि रिकव्हरी वाहने ‘नॉन-ट्रान्स्पोर्ट’मध्ये येतात. म्हणजे मालट्रकसारखे परमिट नको आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 56 चे फिटनेस सर्टिफिकेटही नको. नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर वेळी पाच वर्षांचे नूतनीकरण फॉर्म 25 भरून, गाडी तपासणीला दाखवून होते. पण अनेक जुन्या ब्रेकडाऊन व्हॅन मुळात मालट्रक होत्या आणि जिब नंतर बसवली गेली. तुमच्या गाडीच्या मूळ नोंदीत ‘गुड्स’ असेल, तर आधी कलम 52 खाली बदलाची मंजुरी घ्यावी लागेल. म्हणून मूळ नोंद काय आहे हे कळल्याशिवाय पुढचे काहीच ठरत नाही.

ती नोंद शोधायची कशी? गाडी 1989 च्या आधीची, म्हणजे नंबर तीन अक्षरांचा जुना. असे नंबर ऑनलाइन बहुधा दिसत नाहीत, नोंद आरटीओच्या जाड रजिस्टरात असते. ज्या कार्यालयात नोंदणी झाली तिथे माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. नोंदणी क्रमांक, चेसिस व इंजिन नंबर, शेवटचा मालक, वाहनाचा वर्ग, कर कुठवर भरला आहे आणि नोंदणी रद्द झाली आहे का, हे सगळे नेमके विचारा. कलम 55 खाली नोंदणी रद्द झालेली असेल तर ही गाडी रस्त्यावर आणण्याचा नाद सोडा. जागेवर ठेवायची वस्तू म्हणून दुरुस्त करा, प्रदर्शनाला लो-बेड ट्रेलरवर न्या.

सँडब्लास्टिंग थांबवायला सांगितले ते चेसिस नंबरसाठी. इतक्या वर्षांच्या गंजाखाली ठोकलेले आकडे आधीच उथळ झालेले असतात, वाळूच्या माऱ्यात ते कायमचे जातात. नंबर नसलेली चेसिस तपासणीत चोरीच्या संशयात अडकते. तेव्हा त्या जागेवर रॉकेल आणि मऊ ब्रश एवढेच चालवा. फोटो काढा, कागद ठेवून पेन्सिलने दोन-तीन प्रिंट घ्या, मग ती पट्टी टेपने झाकून उरलेली चेसिस ब्लास्टिंगला द्या. आकडे वाचताच येत नसतील तर स्वतः पंच मारू नका, आरटीओकडे लेखी अर्ज करा.

आता मालकीचे. वस्तू विक्री कायदा, 1930 चे कलम 27 सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. गॅरेजवाला मालक नव्हता, म्हणून तुमचा स्टॅम्प पेपर ही फक्त पैसे दिल्याची पावती आहे. ती मात्र जपून ठेवा. वारसांना गाठा. मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती जोडून फॉर्म 31 ने गाडी एका वारसाच्या नावावर करायची. मग तो वारस आणि तुम्ही फॉर्म 29 व 30 भरून ती तुमच्या नावावर करायची. हरवलेल्या आरसीसाठी पोलिसांत नोंद आणि फॉर्म 26, आणि तो अर्ज नोंदणीकृत मालकाच्या बाजूनेच जायला हवा. थकलेला कर नव्या मालकाच्या गळ्यात पडतो. म्हणून कर कोणी भरायचा हे वारसांशी आधीच कागदावर ठरवा. वारस नाही म्हणाले, तर गॅरेजवाल्याकडून पैसे परत मागा. दुसऱ्याच्या गाडीवर दुरुस्तीचे लाखभर रुपये घालू नका, यात मला तिळमात्र शंका नाही.

इंजिन घेताना पक्के बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर हवा आणि ते ज्या गाडीतून निघाले तिचे कागदही मागा. नाव तुमचे झाल्यावर, बसवण्यापूर्वी आरटीओची मंजुरी घ्या. बसवूनच टाकले तर चौदा दिवसांत कळवावे लागते. विनापरवाना फेरफारासाठी कलम 182-ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही आहे.

शेडबद्दल थोडक्यात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. रात्र दहापासून धरतात, ग्राइंडर त्याआधीच बंद ठेवा. काढलेले ऑइल गटारात सोडू नका. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, तिथे हवा मारू नका, ओल्या कापडाने पुसा.

विमा काढताना ‘मिसलेनियस’ वर्गातलाच मागा, खासगी कारची पॉलिसी या गाडीला लागू होत नाही. तो आणि नोंदणी हातात येईपर्यंत ट्रायलसाठीही फाटकाबाहेर काढू नका. आरटीओच्या तपासणीलाही ट्रेलरवरच न्या.