गॅरेजची खिडकी : दोन थकलेल्या जिप्सींची एक गाडी

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आली. भंगारच्या वाटेला लागलेल्या मारुतीच्या दोन-तीन जिप्सी जमवून शेतात, घाटवाटेवर, चिखलात चालेल अशी एक स्वस्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, उभी करायची आहे. म्हणून हा अंक त्यालाच दिला. इथे ‘हायब्रिड’ म्हणजे बॅटरीवाली गाडी नव्हे. एकीचं धड आणि दुसरीचं काळीज, असा प्रकार.

माझ्याकडे एक ९७० सीसीची जुनी जिप्सी आहे. चासी (खालचा लोखंडी सांगाडा) बरी, पण इंजिन जाम. शेजारच्या गावात जिप्सी किंग (नंतरची, १.३ लिटरची) मिळतेय. इंजिन सुरू, चासी मागून कुजलेली. दोन्ही मिळून एक करायची तर कोणती मूळ धरू? – जुन्नर

आधी कागद बघा, मग लोखंड. आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे चासी नंबर. ज्या चासीचं आरसी तुमच्या नावावर होऊ शकतं तीच मूळ गाडी, दुसरी फक्त भागांसाठी. चासी नंबर कापून दुसरीकडे वेल्ड करणं हा सरळ गुन्हा आहे. असं सुचवणाऱ्या मिस्त्रीकडून दुसरं कोणतंही काम करून घेऊ नका.

कायद्याची बाजू कडक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओत आधी विचारा, परवानगी घ्या आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्या. त्यापलीकडे, म्हणजे उंची, ॲक्सल, बॉडी बदललेली गाडी डांबरी रस्त्यावर चालवायची नाही. ती खासगी जमिनीवर किंवा ऑफरोड स्पर्धेच्या मैदानावर ट्रकवर चढवून न्यायची. पंधरा वर्षांवरची गाडी असेल तर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला येते, तेव्हाही हे सगळं तपासलं जातं.

तुमच्या बाबतीत जुनी चासी मूळ धरा. पण एक गोष्ट टेपनं मोजा. सुरुवातीच्या जिप्सीची चाकं एकमेकांच्या जवळ होती. १९९३ नंतरच्या, नावात ‘डब्ल्यू’ असलेल्या गाडीत ती साधारण नऊ सेंटिमीटर लांब गेली. पुढचा ॲक्सल एका काळातला आणि मागचा दुसऱ्या काळातला घातलात तर मागचं चाक पुढच्याच्या चाकोरीत चालत नाही. चिखलात गाडीला दोन-दोन चाकोऱ्या पाडाव्या लागतात आणि तिचा दम तिथेच जातो. ॲक्सल घ्यायचे ते जोडीनं.

दोन गाड्यांचे ॲक्सल लावून जिप्सी उभी केली. टू व्हीलमध्ये छान चालते. फोर व्हील टाकली की गाडी जड होते, कुंथते, आणि लिव्हर परत निघत नाही. मिस्त्री म्हणतो ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या ॲक्सलना जोर वाटणारा डबा) खराब आहे. – अकोले

ट्रान्सफर बॉक्स उघडू नका. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं (ॲक्सलच्या मधल्या, दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गोळ्याचं) गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला ॲक्सलकडे येणाऱ्या दांड्याचे (शाफ्टचे) किती फेरे, ते वेगळं असण्याची शक्यता खूप मोठी आहे. सुझुकीच्या या घराण्यात ४.११ आणि ३.७३ अशी दोन्ही गुणोत्तरं येतात. बाहेरून हाउसिंग सारखंच दिसतं, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकानं काय बसवलंय याचा भरवसा नसतो.

मोजायला खडू आणि जॅक पुरे. सपाट जागा, हँडब्रेक सोडलेला, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढे-मागे दगड किंवा ओंडके. गिअर न्यूट्रल, ट्रान्सफरही न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर टेकलेलंच राहू द्या. जॅकच्या शेजारी स्टँड ठेवल्याशिवाय खाली जायचं नाही. टायरवर एक रेघ, प्रॉपेलर शाफ्टच्या फ्लँजवर एक रेघ. एकानं उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवायचं, दुसऱ्यानं शाफ्टचे फेरे मोजायचे. एकच चाक फिरत असल्यानं डिफरन्शियलमुळे क्राउन (गोळ्यातलं मोठं दातेरी चाक) निम्मे म्हणजे १० फेरे फिरतो. शाफ्ट ४१ फेरे आणि थोडं जास्त फिरला तर ४.११. ३७ आणि पाव-एक जास्त फिरला तर ३.७३. पुढेही हेच, फक्त लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडणारे-सोडणारे हब) असतील तर ते आधी लॉक करा, नाहीतर शाफ्ट हलणारच नाही आणि तुम्ही उगीच डोकं खाजवत बसाल.

फरक दहा टक्क्यांचा आहे. मागची चाकं शंभर मीटर गेली की पुढची एकशे दहा मीटर जायला बघतात. ओल्या चिखलात टायर घसरतो आणि ते निभावून जातं. मुरुमावर किंवा कातळावर टायर धरून ठेवतो, मग तो पीळ शाफ्ट, क्रॉस (शाफ्टचा सांधा) आणि ट्रान्सफरच्या दात्यांवर येतो. लिव्हर अडकतो तो याच पिळामुळे. चार-सहा मीटर रिव्हर्स घेतलं की बहुतेक वेळा सुटतो, पण तो इलाज नव्हे.

इलाज म्हणजे एका ॲक्सलचा डिफरन्शियलचा गोळा बदलणं. जिप्सीत तो हाउसिंगच्या शाफ्टकडच्या तोंडातून अख्खा निघतो. तेल काढा, शाफ्ट सोडवा, मागचे हाफ शाफ्ट बाहेर ओढा, गोल रांगेतले नट सोडा. पुढच्या बाजूला काम लांबतं, कारण शाफ्ट मागे घ्यायला दोन्ही नकल (चाक वळवणारे सांधे) उतरवावे लागतात. उतरवलेच आहेत तर किंग पिनची बेअरिंगं आणि आतली तेलाची सीलं नवी घाला. क्राउन एका गोळ्यातला आणि त्याला फिरवणारा पिनियन दुसऱ्यातला, असं कधीच करू नका. ते जोडीनं घासलेले असतात, वेगळे केले की पहिल्याच दिवशी रडायला लागतात. जुना गोळा विकत घेण्याआधी तुमच्या शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे उभे दाते) आणि गोळ्यातले स्प्लाइन मोजून जुळवा, नाहीतर बाजारात दुसरी फेरी. तेल ९० नंबरचं, हायपॉइड गिअरचं. पुढे साधारण दोन लिटर, मागे दीड. शेवटी मात्र भरायच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरणं हेच खरं माप. हाउसिंगवरची श्वासनळी चिखलानं बुजलेली असते, ती साफ करून रबरी नळीनं बॉनेटखाली उंच न्या. गरम हाउसिंग ओढ्यात शिरलं की थंड होऊन पाणी आत ओढतं, आणि पुढच्या वेळी तेल काढताना चहा निघतो.

सगळं जुळल्यावरही चारही टायरचा परिघ मोजा. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक नको. आणि गुणोत्तर अगदी बरोबर असलं तरी कोरड्या डांबरावर फोर व्हील वापरायची नाही. या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल नाही, वळणावर पीळ पडतोच.

२३५/७५ आर १५ टायर घातल्यावर गाडी चढाला मरते. मोठं इंजिन टाकू का? – संगमनेर

नको. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, तुमच्या टायरचा ७३३. म्हणजे गाडीचे सगळे गिअर दहा टक्क्यांनी लांब झाले. तेवढंच परत आणायचं आहे. जिप्सीच्याच घराण्यातल्या, सुझुकीच्या एक लिटरवाल्या एसजे ४१० च्या ट्रान्सफर बॉक्सचं लो (हळू, जास्त जोराचं) गुणोत्तर २.५११ आणि हाय (नेहमीचं) १.५८० आहे. १.३ लिटरवाल्या सामुराईचं २.२६८ आणि १.४०९. म्हणजे पहिल्या प्रकारचा बॉक्स लोमध्ये जवळजवळ अकरा टक्के आणि हायमध्ये बारा टक्के परत देतो. भंगारवाल्याच्या दुकानात बाकावरच मोजा. बॉक्स लोमध्ये घालून बाहेरचा फ्लँज दहा फेरे फिरेपर्यंत आतला फ्लँज फिरवा. पंचवीस फेरे लागले तर पहिला, पावणेतेवीसच्या आसपास लागले तर दुसरा. फ्लँजची भोकं तुमच्या शाफ्टशी जुळतात का तेही तिथेच बघा. स्पीडोमीटरची तार ट्रान्सफरच्या बाहेरच्या बाजूला असते, म्हणून बॉक्स बदलून काटा सुधारत नाही. मोठ्या टायरवर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ ला असते.

मारुती एस्टीमचं इंजिन जिप्सीत बसतं असं ऐकलं. खरं का? – म्हापसा

बसतं. दोन्ही १२९८ सीसीची, सुझुकीच्या एकाच घराण्यातली इंजिनं आहेत. पण एस्टीममध्ये ते आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं, जिप्सीत उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत. म्हणून इंजिन आणलं तरी जिप्सीकडून काही वस्तू घ्याव्याच लागतात. ऑइल चेंबर आणि आतली तेल ओढायची नळी जिप्सीचीच हवी, कारण पुढचा ॲक्सल वर आला की एस्टीमच्या चेंबरवर आपटतो. इंजिन माउंटच्या ब्रॅकेटी, फ्लायव्हील, क्लच प्लेट हेही जिप्सीचं.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती एक लहान वस्तू. क्रँकच्या मागच्या टोकात पायलट बेअरिंग. जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक त्यात टेकतं. पुढच्या चाकांच्या गाडीतून आलेल्या इंजिनात ते बहुधा नसतं. विसरलात तर इंजिन सुरू होतं, गाडी चालते, आणि काही दिवसांनी क्लच दाबल्यावर कण्हल्यासारखा आवाज येऊ लागतो, पहिला गिअर करकरून पडतो. मग सगळं पुन्हा खाली. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि मागचं क्रँक सीलही बदलून टाका.

कार्बुरेटर की एमपीएफआय (संगणकानं पेट्रोल फवारणारी पद्धत)? चढावर तिरकी उभी राहिली की कार्बुरेटरच्या वाटीतलं पेट्रोल कडेला जातं आणि इंजिन गुदमरतं. एमपीएफआयमध्ये हा त्रास नाही, पण अख्खं वायरिंग, ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि सगळे सेन्सर एकाच गाडीतले मिळणार असतील तरच त्या वाटेला जा. तुकड्यातुकड्यांनी जमवलेलं वायरिंग पहिल्या पावसात दगा देतं.

चासी मागच्या शॅकलजवळ (पाट्याची स्प्रिंग चासीला जोडणारी कडी) गंजली आहे. वेल्डर म्हणतो वरून पट्टी मारतो. – खेड, जि. रत्नागिरी

कोकणातल्या गाडीत गंज दिसतो त्याच्या तिप्पट असतो. आधी आठशे ग्रॅमच्या हातोडीनं चासीवर टकटक करत मागून पुढे जा. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला की तिथे खडू. खुणेवर जाडा स्क्रू ड्रायव्हर रोखून दाबा. आत शिरला तर ते लोखंड नाही, बिस्कीट आहे. मागच्या शॅकलचे ब्रॅकेट, टाकीच्या वरचा भाग आणि बॉडीच्या रबरांखालची जागा सोडू नका.

गंजलेल्यावर पट्टी मारायची नाही. चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचं, मग ३ मिलिमीटरचा पत्रा. पट्टीची टोकं सरळ आडवी कापू नका, शंकरपाळ्यासारखी तिरपी ठेवा. चासीवर आडवा वेल्ड म्हणजे तिथेच तुटायची रेघ आखून दिल्यासारखं. कापण्याआधी दोन्ही बाजूंना अँगल टॅक करून चासी धरून ठेवा, शेवटी दोन्ही कर्ण मोजा. पाच मिलिमीटरच्या आत फरक असला तर ठीक. बॅटरीची वायर काढा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब नेऊन ठेवा. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची असते. शेवटी पोकळीत मेण किंवा जाड तेल मारा आणि पाणी निघायची मूळ छिद्रं उघडी ठेवा. पट्टीनं ती बुजवली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा हेच.

ॲक्सलच्या वर पाटे घेतले तर पाच इंच उंची फुकटात मिळते ना? – भोर

उंची मिळते, फुकट मात्र नाही. पाटा ॲक्सलच्या वर गेला की जोर लावताना हाउसिंग पिळून पिनियनचं नाक वर उचलतं, पाटे इंग्रजी ‘एस’सारखे वाकतात आणि क्रॉस तुटतो. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक पाट्यावर घासते. मग ती वाकवून बसवतात, आणि वाकवलेली लिंक जोर आला की आणखी वाकते. ब्रेकचे होज अपुरे पडतात, शाफ्टचे कोन बिघडतात. तेवढ्या पैशात चांगले पाटे, नवी बुशं आणि दीड-दोन इंच उंची घ्या.

लो गिअर चढावर आपोआप सुटतो. – सावंतवाडी

ट्रान्सफर बॉक्सचे तीन रबरी माउंट बघा. जिप्सीचा बॉक्स गिअरबॉक्सपासून वेगळा, त्या तिघांवर लटकलेला असतो. रबर फाटलं की लोमध्ये जोर येताच अख्खा बॉक्स पिळतो आणि लिव्हर सुटतो. एकानं ब्रेक दाबून लोमध्ये क्लच हळूच सोडावा, दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बॉक्स किती उचलतो ते पाहावं. गाडीसमोर किंवा खाली कुणी नको. तिन्ही माउंट एकदमच बदला.

महिंद्राच्या जुन्या जीपचा ट्रान्सफर बॉक्स जिप्सीत चालेल का? – पारनेर

नाही. तो गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टनं बसतो आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दात्यानं फिरतो. तो बसवायचा तर जीपचा गिअरबॉक्सही आणावा लागेल. मग सरळ जीपच घ्या.