नवऱ्याचा रिपोर्ट अनडिटेक्टेबल आहे, तरी भीती जात नाही

तू लिहिलंयस की नवऱ्याने एचआयव्हीचं सगळं सांगूनच लग्न केलं, गोळ्या रोज घेतो, दोन वर्षं व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, अनडिटेक्टेबल, म्हणजे तपासणीत दिसणारही नाही इतकं कमी येतंय, तरी जवळ आलात की तुला रात्रभर झोप लागत नाही आणि मग त्याच्या नकळत तू टेस्ट करून येतेस. तर आधी सरळ उत्तर देते, गोळ्या नियमित चालू आहेत आणि रिपोर्ट असाच येतोय तोवर सेक्समधून त्याच्याकडून तुला लागण व्हायचा धोका शून्य आहे. अगदी कमी वगैरे नाही गं, शून्य.

तुझं मन राखायला नाही बोलत मी. पार्टनर नावाचा मोठा अभ्यास झालाय, त्याचे निकाल 2016 आणि 2019 ला आले, त्यात एक पॉझिटिव्ह एक निगेटिव्ह अशी शेकडो जोडपी होती, व्हायरल लोड दर मिलीलीटर रक्तात 200 च्या खाली, कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही केस नाही. काही जणांना एचआयव्ही झाला खरा, पण त्यांचा व्हायरस तपासला तर तो जोडीदाराच्या व्हायरसशी जुळलाच नाही, म्हणजे बाहेरून आलेला.

गोळ्या व्हायरसला वाढूच देत नाहीत, म्हणून हे होतं. गोळ्या सोडल्या तर काही आठवड्यांत तो परत वाढतो. त्यामुळे लक्ष ठेवायचंच तर व्हायरल लोडच्या तारखांवर ठेव, पुढच्या तपासणीला त्याच्यासोबत जा आणि मनातलं सगळं डॉक्टरांना तिथेच विचार. कधी बरेच दिवस गोळ्या चुकल्या तर रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, आणि तशात कंडोमशिवाय संबंध आले असतील तर 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर डॉक्टरांकडे जा, लागण टाळायची 28 दिवसांची औषधं मिळतात. बाकी गुप्तरोगांपासून मात्र या गोळ्या वाचवत नाहीत, तिथे कंडोमच.

लपून टेस्ट करणं मला पटलं नाही. टेस्ट कर, हवी तेव्हा कर, पण त्याला सांगून. ज्याने लग्नाआधी एवढी अवघड गोष्ट स्वतःहून सांगितली त्याला तुझी भीती ऐकायला नक्की जमेल, आणि उद्या पाकिटातला रिपोर्ट त्याच्या हाती लागला तर त्याला वाटेल की तुझा त्याच्यावर विश्वासच नाही.

आणि शेवटी हळूच विचारलंयस ते बाळाचं, हो, नेहमीच्या संबंधांतूनच दिवस राहू शकतात, फक्त प्रयत्न सुरू करायच्या आधी ताजा व्हायरल लोड बघून घ्या.