कडक उन्हात सोलर प्लेट का मंदावते?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. जत तालुक्यात माझी डाळिंबाची बाग आहे, पाच एचपीचा सौरपंप बसवलाय. जानेवारीत दुपारी पाण्याची धार जोरात पडते आणि मे महिन्यात ऊन आग ओकत असताना धार बारीक होते. ऊन जास्त तर वीज जास्त नको का? शेजाऱ्याच्या प्लेटा काळ्या आहेत, माझ्या निळ्या. काळ्या चांगल्या, असं डीलर म्हणतो. खरं आहे का? — एक बागायतदार, जत तालुका

उत्तर : नमस्कार. पहिल्यांदा बोअरची पातळी बघा. उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की तेवढ्याच विजेत पंप कमी पाणी वर आणतो. शिवाय आपल्याकडं मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. प्लेटा दक्षिणेकडं कललेल्या असतात, त्यांना जानेवारीचा झुकलेला सूर्य जास्त समोरून मिळतो. एवढं सगळं वजा केलं तरी तुमची शंका रास्तच आहे. तापलेली प्लेट खरोखरच कमी वीज देते.

प्लेट चालते उजेडावर. उष्णता तिला मारक असते. आतल्या प्रत्येक सेलमध्ये सिलिकॉनची चकती असते, जेमतेम दोन-तीन केसांच्या जाडीची. तिच्यातला प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना धरून असतो आणि हीच रचना चारी दिशांना अखंड चालू राहते. पण ही जाळी कधी स्थिर नसते. सिलिकॉनच्या जाळीतलं सगळ्यात जलद कंपन सेकंदाला सुमारे साडेपंधरा लाख कोटी वेळा होतं. हा आकडा मोजता येतो तो चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यामुळं. सिलिकॉनवर लेझरचा झोत टाकला की विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्याशा भागाचा रंग किंचित बदलून येतो, आणि जेवढा बदल तेवढी त्या कंपनाची गती. रामन यांनी १९२८ साली कलकत्त्यात शोधलेला परिणाम तो हाच. चिपमधल्या सिलिकॉनवर कुठं ताण आलाय, हेही आज याच पद्धतीनं तपासता येतं.

प्लेट तापली की हे हेलकावे मोठे होतात. त्या उष्णतेनंच काही इलेक्ट्रॉन बंधातून सुटतात, उजेडाचा त्यात काही संबंध नसतो. असे इलेक्ट्रॉन वाढले की सेलच्या आतल्या आतच गळती वाढते. एका अंशाला एका सेलचं व्होल्टेज साधारण दोन मिलिव्होल्टनं उतरतं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण सेलचं सगळं व्होल्टेजच पाऊण व्होल्टच्या आत असतं.

आता हिशेब करू. प्लेटच्या मागच्या लेबलवर लिहिलेले वॅट हे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. गेल्या मे महिन्यात विश्रामबागेत माझ्या गच्चीवरच्या प्लेटच्या पाठीला मी तापमापक चिकटवला होता. हवा ३९ अंशांवर होती आणि प्लेट ६३ अंशांवर! म्हणजे २५ च्या वर ३८ अंश. निळ्या प्लेटेला एका अंशामागं साधारण ०.४ टक्के घट धरा, म्हणजे १५ टक्के गेले. ३३० वॅटची प्लेट २८० वर आली. तुमच्याकडं अशा पंधरा प्लेटा असतील तर साडेसातशे वॅट, म्हणजे एक एचपी भरेल एवढी वीज, निव्वळ तापण्यात गेली.

पण म्हणून या कंपनांना शत्रू समजू नका, हे मला मनापासून सांगायचंय. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉनला बंधातून सुटून वर उडी मारायची तर नुसती प्रकाशाची ऊर्जा पुरत नाही, संवेगाचाही, म्हणजे गतीच्या जोराचाही, मेळ बसावा लागतो आणि प्रकाशकणाजवळ संवेग जवळपास नसतोच. तो जाळीच्या कंपनाशी देवाणघेवाण करून जुळवावा लागतो. या कंपनाच्या एकेका पुडक्याला भौतिकशास्त्रात फोनॉन म्हणतात. आपल्याला दिसणारा जवळजवळ सगळा उजेड सिलिकॉन फोनॉनच्या साथीनंच शोषून घेतं. जाळी हलत नसती तर तुमचा पंपही हलला नसता.

आता निळं-काळं. निळ्या प्लेटेसाठी वितळलेलं सिलिकॉन चौकोनी भांड्यात हळूहळू गोठवतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी स्फटिक धरतात, प्रत्येकाची जाळी वेगळ्या दिशेला. निळ्या प्लेटेवर वाकडेतिकडे तुकडे चमकताना दिसतात, ते हेच. जिथं दोन तुकडे भिडतात तिथं अणूंचे हात मोकळे राहतात, अशुद्धीही तिथंच साठते आणि येणारे-जाणारे इलेक्ट्रॉन तिथं अडकून वाया जातात.

काळी प्लेट एकाच अखंड स्फटिकातून कापलेली असते. १४१४ अंशांना वितळलेल्या सिलिकॉनला बोटाएवढा बीज-स्फटिक वरून टेकवायचा आणि फिरवत फिरवत अगदी हळू, मिनिटाला मिलिमीटरभर अशा गतीनं वर ओढायचा. बिजाच्या जाळीला जाळी जुळवत खाली दंडगोल वाढत जातो. ही रीत पोलंडच्या यान चोक्राल्स्की यांनी १९१६ साली शोधली. लिहिताना टाक शाईऐवजी वितळलेल्या कथलात बुडाला आणि वर काढताना बारीक तार निघाली, असं सांगतात. काळ्या सेलचे कोपरे छाटलेले दिसतात ना? गोल दंडगोलातून चौकोन काढल्याची ती खूण.

माझे वडील साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा धरवायच्या मोठ्या भांड्यावर, पॅनवर, काम करायचे. पाकात बी सोडल्यावर काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन ते दिव्यासमोर धरायचे, खोटा दाणा तर धरला नाही ना हे बघायला. पाक घाईनं आटवला की बी सोडून भलतीकडंच बारीक दाणे धरतात आणि सगळी पॅन बिघडते. सिलिकॉन ओढणाऱ्यांचीही धडपड हीच असते, वाढ फक्त बिजावरच व्हावी.

तेव्हा डीलर खरं बोलतोय. पण चालू प्लेटा विकून काळ्या घेऊ नका, फक्त नवीन घ्याल तेव्हा त्या घ्या. हल्ली बाजारात बहुतेक त्याच मिळतात. घेताना माहितीपत्रकातला तापमान-गुणांक बघा, म्हणजे एका अंशामागं वीज किती टक्के घटते तो आकडा. उणे ०.३ असेल तर उणे ०.४ पेक्षा तो चांगला. प्लेटाखाली वारा खेळू द्या. गोठ्याच्या पत्र्याला चिकटवून बसवलेल्या प्लेटा मी पाहिल्या आहेत, त्या बिचाऱ्या खालून-वरून भाजतात. आणि धुवायच्या असतील तर सकाळीच धुवा, भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.

प्रश्न : बाई, मी आठवीत आहे. तुरटीचा मोठा स्फटिक करायचा आहे, पण तळाला नुसता चुरा बसतो. — एक विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : तू द्रावण फार पटकन गार करत असणार. तुझ्याकडंही खोटे दाणेच धरताहेत. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळव, गाळून घे आणि पूर्ण गार होऊ दे. तळाला जमलेल्यातला एक नीट आकाराचा खडा निवड आणि नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांध. सुती दोरा नको, त्याच्या तंतूंवर दाणे धरतात. तळाचा चुरा मागे ठेवून द्रावण दुसऱ्या बरणीत ओत आणि खडा त्यात मधोमध लोंबता सोड. वर कापड बांध, आणि बरणी खिडकीत ठेवू नकोस. दुपारी पाणी कोमट झालं की वाढलेला खडा पुन्हा विरघळायला लागतो.

जमलं की आठ त्रिकोणी बाजू मोजून बघ. आणि एक कर, कोरडा झाल्यावर त्याला पारदर्शक नेलपॉलिशचा हात दे. तुरटीच्या जाळीत पाण्याचे रेणूही बसलेले असतात. कोरड्या हवेत ते उडून गेले की स्फटिक वरून पांढरा पडतो.