तंबू, बंब आणि काजवे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या काठाला आणि कळसूबाईच्या पायथ्याला अनेक शेतकरी कुटुंबं घराशेजारच्या रानात तंबू उभारून पाहुणे ठेवतात. जाहिरातीत त्याला ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात, गावात नुसतं ‘टेंट’. या मुक्कामाबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

फोटोत पलंग, गालिचा, दिव्यांच्या माळा असा ऐसपैस तंबू दिसतो. खाली ‘लेक टच’ लिहिलंय. पैसे भरण्याआधी नेमकं काय विचारावं? (पुणे)

पलंग आहे की खाली गादी, आणि संडास तंबूला जोडून आहे की बाहेर, हे दोन प्रश्न आधी विचारा. उत्तरावरून तंबूची जात कळते. डोम तंबू पातळ कापडाचा, फायबरच्या काड्यांवर ताणलेला असतो. त्यात उभं राहता येत नाही, आणि ‘दोघांसाठी’ म्हणजे खरोखर दोघांसाठी, बॅगा पायाशी. स्विस तंबू जाड कॅनव्हासचा, लोखंडी पाइपांच्या सांगाड्यावर उभा. खाली सिमेंटचा किंवा फरशीचा ओटा, वर दुसरं छत, मागे न्हाणीघर. बऱ्याच ठिकाणी स्विस तंबू एक-दोनच असतात आणि बाकी सगळे डोम. फोटो अर्थातच पहिल्याचा! म्हणून ‘आम्हाला मिळणार तोच तंबू व्हिडिओ कॉलवर दाखवा’ असं सरळ सांगा. घरचा कारभार असला की कुणीतरी फोन घेऊन तिथवर चालत जातं. टाळाटाळ झाली तर काय ते समजा.

‘लेक टच’ हा शब्द महिना पाहून वाचायचा असतो. १९२६ साली पूर्ण झालेलं हे धरण साधारण ऑगस्टमध्ये भरतं. तेव्हापासून दिवाळीपर्यंत पाणी खरंच तंबूजवळ असतं. पुढे शेतीसाठी आवर्तनं सुटतात आणि पाणी मागे सरकत जातं. मे महिन्यात त्याच तंबूपुढे भेगाळलेल्या गाळाचं माळरान असतं आणि पाणी पार लांब. यात फसवणूक नाही, धरणाचा स्वभावच तो. मात्र त्या गाळातून पाण्याकडे जाऊ नका. वरून वाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पोहण्याचा बेत तर अजिबात नको, काठावर जीवरक्षक नसतो.

दर बहुतेक माणशी असतो. त्यात संध्याकाळचा चहा-भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरतात, दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवण धरत नाहीत. वाद नेमका इथेच होतो. मुलांचा दर, शेकोटीचं सरपण आणि मांसाहाराचे जादा पैसे हे सगळं मेसेजवर लिहून घ्या. नेटवर्क जातं-येतं, त्यामुळे थोडी रोकड जवळ हवी. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हेही विचारायला हरकत नाही.

एप्रिल-मेमध्ये जाणार असाल तर पाणी कुठून येतं ते विचारा. या डोंगरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळाला जातात. अशा दिवसांत जो ‘रेन डान्स’ची जाहिरात करतो त्याच्याकडे आम्ही तरी कुणाला पाठवणार नाही.

डिसेंबरअखेर सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन जायचं आहे. थंडी झेपेल का? तंबूत हीटर किंवा शेगडी मागावी का? (डोंबिवली)

शेगडी नको. विझत आलेले निखारेसुद्धा नकोत. बंद तंबूत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. आधी डोकं जड होतं, मग गुंगी येते, आणि झोपेतलं माणूस उठतच नाही. शेकोटी बाहेर, तीही तंबूपासून निदान दहा-पंधरा पावलांवर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तंबूच्या कापडाला ठिणगी पुरते. विजेच्या हीटरचं दुखणं वेगळं. तंबूपर्यंत आणलेली वायर बहुधा दिवा आणि मोबाइलपुरती असते. तिच्यावर दोन हजार वॅटचा हीटर लावला की वायर तापते, जोड वितळतो.

थंडी खालून लागते, हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम झालं. एकावर एक तीन ब्लँकेटं पांघरून कुडकुडणारी माणसं गादीखाली काहीच घालत नाहीत. तीनांपैकी दोन खाली घाला, एक वर घ्या. घोंगडी मिळाली तर ती सगळ्यांत खाली. स्टीलच्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, जाड मोज्यात घालून पायथ्याशी ठेवली की तीन-चार तास ऊब राहते. कानटोपी हवीच.

दुसरी तक्रार हमखास येते, ‘तंबू रात्री गळत होता’. पाऊस नसताना तंबू गळत नाही. आतल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे थेंब पडतात. थंडीच्या भीतीने सगळ्या चेनी गच्च लावल्या की हे होणारच. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा आणि ओले टॉवेल आत वाळत घालू नका.

आईवडिलांसाठी पलंगाचा तंबू आणि कमोड आहे का ते आधीच विचारा. उंबरठ्याजवळ कापड ताणून धरणाऱ्या दोऱ्या आणि खुंट्या असतात. रात्री पाय अडकून पडणं ही तंबूतली सर्वांत नेहमीची दुखापत. दोऱ्यांना पांढरं फडकं बांधून घ्या, दारात विजेरी ठेवा.

आंघोळीचा हिशेबही सांगून टाकतो. पाणी तापतं ते बंबावर. बादलीला सात-आठ लिटर कढत पाणी लागतं, बाकी विसण. बारा पाहुणे म्हणजे नव्वदेक लिटर. वीस लिटरचा बंब चार-पाच वेळा तापवायचा, दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे दोन तास गेले. साडेआठला सगळ्यांनी एकदम बादली मागितली तर कुणीही काही करू शकत नाही. म्हाताऱ्यांचा नंबर सातला लावा. आणि हौसेने स्वतः पाणी काढणार असाल तर जेवढं काढलं तेवढं गार पाणी वरून ओता. आत जाळ असताना पाणी खाली गेलं की मधली नळी कोरडी तापते आणि बंबाचे सांधे सुटतात.

चुलीवरची गावठी कोंबडी सांगितली होती, जेवण साडेदहाला मिळालं. मुलं झोपून गेली. असं का होतं? (नाशिक)

ऑर्डर किती वाजता दिली, त्यावर सगळं आहे. ब्रॉयलर अर्ध्या तासात शिजतो. गावठी कोंबडी आधी पकडायची, कापायची, साफ करायची आणि मग चुलीवर तास-दीड तास शिजवायची. कोंबडी जून निघाली तर आणखी वेळ. संध्याकाळी सातला पोचून सांगितलं तर साडेदहाच होणार. आदल्या दिवशी फोनवर सांगा, आणि माणसांचा पक्का आकडा दुपारी चारच्या आत कळवा. वाटण आणि तांदूळ त्यावर ठरतात.

घरात स्वयंपाक करणारी मावशी किंवा वहिनी एक, फार तर मदतीला एक. एका चुलीवर रस्सा, दुसरीवर भात, आणि भाकरीला तवा हवाच. त्यात कुणाला जैन, कुणाला उपवासाचं, कुणाला नूडल्स असं निघालं की सगळ्यांचंच लांबतं. मुलांसाठी तिखट घालण्याआधी वाटीभर रस्सा बाजूला काढायला सांगा, हा सगळ्यांत सोपा उपाय. नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तरच खरी. गार झाली की वातड होते, म्हणून दोन पंगती करा आणि पहिली मुलांची.

सापांची भीती वाटते. तंबूत राहणं सुरक्षित आहे का? (ठाणे)

भीतीपेक्षा नियम पाळा. तंबूत खाण्याची पाकिटं ठेवू नका. फरसाणाच्या वासाने उंदीर येतो आणि उंदरामागे साप. आजूबाजूला दगडांचे ढीग, पालापाचोळा, सरपणाची मोळी टेकवलेली असेल तर ती जागा बदलून मागा. तंबूची चेन दिवसाही लावलेली हवी.

मण्यारीचं वेगळं सांगायला हवं. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश जवळजवळ दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणं अडखळतं. अशा माणसाला पित्त झालं म्हणून लिंबूपाणी देत बसलात तर वेळ हातची जाते. यावर उपाय म्हणजे पलंग, आणि मच्छरदाणीची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली.

दंश झालाच तर माणसाला निजवा, चालू देऊ नका. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हात किंवा पाय स्थिर करा. अंगठ्या, कडी, घट्ट कपडे काढा. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यांतलं काहीही नको. वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि घरच्या लोकांची गाडी तयार असेल तर वाट न पाहता निघा. सर्पदंशाची लस असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे पोचल्याबरोबर विचारून ठेवायचं असतं.

बुटात विंचू असण्याची शक्यता सापापेक्षा जास्त, म्हणून सकाळी बूट उलटे आपटून घाला. लाल विंचू चावून घाम, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले तर तो नुसत्या वेदनेचा मामला राहत नाही. विष हृदयावर येतं, मुलांना धोका अधिक. यावर प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे सर्वत्र वापरात आलं. ते डॉक्टरांनीच द्यायचं, तुम्ही फक्त उशीर करू नका.

काजवे बघायला नक्की कधी जावं? गेल्या वर्षी २० जूनला गेलो, काहीच दिसलं नाही. (मुंबई)

उशिरा गेलात. वळवाचे शिंतोडे पडून हवा दमट झाली की मेच्या अखेरीस काजवे वाढतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत भर असतो. मोसमी पाऊस जोरात कोसळला की खेळ आटोपतो. म्हणून तारखेवर जाऊ नका, यजमानांना दोन दिवस आधी फोन करा. घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते दाटतात. अमावस्येच्या आसपासची रात्र घ्या. शनिवार टाळता आला तर बघाच, कारण गाड्यांच्या दिव्यांनी अख्खं झाड मिनिटभर विझल्यासारखं होतं.

ही लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्यावर फ्लॅश मारला की जोडी जमत नाही, आणि प्रौढ काजव्याच्या हाती असतात जेमतेम दोन-तीन आठवडे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीन रबराने बसवा, उजेड पायापुरताच ठेवा. गवतात शिरू नका, माद्या तिथे खाली असतात. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशशुल्क आणि रात्रीच्या वाहनांवरचे निर्बंध त्या त्या हंगामात काय आहेत, ते निघण्याआधी विचारा.

जुलैत तंबूत राहावं का? (सोलापूर)

नको. घाटघर-रतनवाडीकडे पाऊस आडवा येतो, वाऱ्यात खुंट्या उपटतात. वरचं छत आतल्या कापडाला चिकटलं की तिथून पाणी झिरपतं, आणि भोवती चर खणलेला नसेल तर ते खालून आत येतं. बरीच कुटुंबं जूनमध्ये तंबू उतरवूनच ठेवतात. घरातली कौलारू खोली मागा. ओले कपडे चुलीच्या उबेला वाळतात, हा फायदा वेगळाच.

निघताना घरच्या मुलांना पैसे किंवा चॉकलेटं द्यावीत का? (कोल्हापूर)

मुलांच्या हातात पैसे नकोत. त्यापेक्षा घरचा तांदूळ विकत घ्या, भाव आधी विचारा आणि घासाघीस करू नका. इंद्रायणी असेल तर नवा की जुना ते विचारून घ्या. दिवाळीनंतरचा नवा तांदूळ चिकट होतो. त्याला वाटीला दीड ते पावणेदोन वाट्या पाणी पुरतं. जुन्याला दोनच्या वर लागतं. घरी गेल्यावर भाताची खीर झाली तर तांदळाला नावं ठेवू नका.