ख्रिस्ती लोक कृपेने (म्हणजे देवाच्या फुकट देणगीने) तारण मानतात, मग आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांत, येशूआधी पश्चात्तापाची हाक देणाऱ्या योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचा कडक उपदेश का वाचतात?

कारण ख्रिस्ती समजुतीप्रमाणे नियमशास्त्र (मोशेमार्फत मिळालेल्या देवाच्या आज्ञा) माणसाला स्वतःची गरज दाखवतं आणि ती गरज कृपा भागवते. आगमनकाळ हा या दोहोंमधला उंबरठा आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात (1:17; हा योहान बाप्तिस्मा करणाऱ्याहून वेगळा) नियमशास्त्र मोशेद्वारे आणि कृपा व सत्य येशूद्वारे आल्याचं म्हटलंय, पण मत्तय 5:17 मध्ये येशू सांगतो की तो नियमशास्त्र रद्द करायला नव्हे, पूर्ण करायला आला आहे. म्हणजे एक गेलं आणि दुसरं आलं असा हा हिशेब नाही.

कॅथलिक वाचनक्रमाच्या तीन वर्षांच्या चक्रातल्या ‘क’ वर्षी, उदाहरणार्थ 2024 मध्ये, आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी लूक 3:10-18 येतं. लोक विचारतात, “आम्ही काय करावं?” योहानाची उत्तरं अगदी व्यवहारातली: दोन अंगरखे असतील तर एक द्या, जकातदारांनी ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नये, शिपायांनी कुणाला लुबाडू नये. गंमत म्हणजे हाच रविवार आनंदाचा मानतात, आणि धर्मगुरू गुलाबी वस्त्र घालू शकतात!

मात्र सगळ्या पंथांचा भर सारखा नाही. ल्युथरन (मार्टिन ल्यूथरच्या प्रोटेस्टंट) परंपरा नियमशास्त्राने पाप उघड होण्यावर जोर देते. कॅथलिक शिकवणीत कृपाच आज्ञा पाळण्याचं बळ देते.